ठिपका

सावंतवाडीची चितारआळी सोडून बाबा शारजाला आले
तेव्हा मी आईच्या पोटात चार महिन्यांची.
पेटीत बारा ब्रश, लाखेच्या कांड्या,
आणि व्हिसावर हुद्दा: मजूर.
चित्रकाराचा निघत नाही, एजंट म्हणाला होता.

अरबी वाचता येत नसे त्यांना.
लिहीत मात्र उजवीकडून, न अडखळता:
टायरवाला, न्हावी, मासळी, दातांचा दवाखाना.
नून म्हणजे वाटी आणि वर एक मणी,
असं शिकवलं मला.
मणी शेवटी. हात थरथरला तर वाटी फुकट.
अर्थ मी पुढे शाळेत शिकले.

काका फायबरचे.
चौकाच्या मधोमध दोन मजली कॉफीची सुरई उभी करायचे,
आतून पोकळ, तिच्या पोटात बसून डबा खायचे.
आई रोल्याच्या खोलीत लाकडी फळं रंगवी.
आमच्या परडीतला आंबा
एकोणीस वर्षं पिकलेलाच होता.
पाहुणे हात घालत, आम्ही हसत असू.

माझा कॅमेरा नार्सिसोचा,
पासपोर्ट फोटोचं दुकान मोडून तो गावी गेला तेव्हा घेतलेला.
आधी मी बाबांसाठीच फोटो काढले.
दुकानदारांचे वारलेले वडील, जुन्या फोटोवरून फोटो,
त्यावर बाबा पेन्सिलीने चौकडी आखत
आणि कॅनव्हासवर उतरवताना
चामखीळ गाळत, पुढे आलेला दात मागे नेत.
मी विचारलं तर म्हणाले,
"माणूस गेलो. आता तरी दात सरळ असूंदेत."

वर्तमानपत्रात जाते म्हटलं तेव्हा
काका म्हणाले, चार पिढ्या हातानं केलं,
तू एका बोटानं करणार?
आई म्हणाली, उन्हात टोपी घाल.
बाबा काहीच बोलले नाहीत.
आपल्याकडे चित्रही काढतात, फोटोही काढतात,
काटा काढतात, आठवण काढतात,
इथं येऊन दिवस काढतात.
यातलं मी नेमकं काय काढणार होते
ते मलाही सांगता आलं नसतं.

मे महिन्यात औद्योगिक भागात गोदाम पेटलं.
वरच्या मजल्यावर झोपायला एकवीस जण.
सगळे उतरले, सामान नाही उतरलं.
फूटपाथच्या कडेला गुल रेहमान बसला होता,
एका पायात चप्पल, मांडीवर प्रेशर कुकर.
मी कॅमेरा उचलला तसा म्हणाला,
"बाजी, पहले मुँह धो लूँ?"

मी नको म्हणाले.

मग त्याचं नाव लिहून घेतलं, गावाचं नाव,
त्यानं एकेक अक्षर सांगितलं, सावकाश,
मी चुकू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर, खाली बारीक टाइपात:
छायाचित्र, हिरण्या चितारी.
आईनं कात्री शोधली.
बाबांनी भिंग घेतलं, पान खिडकीशी नेलं,
बराच वेळ.
मी वाट बघत होते.
"नूनचो ठिपको वितळलो," म्हणाले.
तेव्हा मला दिसलं:
गुल रेहमानच्या डोक्यामागे, अर्धी काळी,
'मखज़न', गोदाम. त्यांची पाटी.
तीस वर्षांत त्यांचं काम पहिल्यांदाच छापून आलं होतं,
जळताना.

मग भिंग खाली सरकलं.
काजळीवर दोन ओघळ, कुकरची शिट्टी, चप्पल.
"ह्येका तोंड धुवूंक दिलंस नाय?"
मी म्हटलं, नाही.
पान घडी करून त्यांनी रंगांच्या डब्याखाली ठेवलं.
ते चांगलं होतं की वाईट, मी विचारलं नाही.

पावणेदोन महिन्यांनी मालकाचा फोन आला, तीच पाटी पुन्हा.
मी शिडी धरून उभी, कॅमेरा खांद्याला.
वाटी झाली. वाळू दिली.
मग मणी.
खाली वळून म्हणाले, "काढ."
गालावर हिरव्याचा ओघळ होता.
त्यांनी पुसला नाही.
मीही सांगितलं नाही.